शुक्रवारचा पिवळा दिवा

नाही नं, आता नाही लागनार तो दिवा — तुमच्या ग्यारेजात आली की गाडी कशी गरीब होऊन उभी राह्यते, लखीरामभाऊ. घरी चाबी फिरवली का ते इंजिनाचं पिवळं चित्र डोळे वटारते, अन् इथं कामरगावात आनली का गुल! शेजारच्या मुकेशले इचारा, त्यानंच आनून देल्ली आज. शुक्रवारी लागते, शनिवारी लागते, सोमवारपर्यंत आपोआप जाते — वार पाहून होनारा बिघाड असते काय कुठं? मानूस असते. मानूस वार पाहून काम करते. तुमचं हे मशीन काय म्हनते? जळन बरोबर होत नाही? पेट्रोलात खोट असू शकते? हां! मी दुसरं काय म्हनून राह्यली मंग? काढा, काढा टाकीतलं, बाटलीत काढा, मी इथंच बसून आहे. भरोसा नाही असं नाही, भाऊ — पन तुमी अन् प्रसेनजित एका शाळेतले, त्यानं फोन केला असंन तुमाले — नाही केला? बरं. नाही केला.

चार वर्सं गाडी चालवली त्यानं आमची, यायच्या, माह्या मालकायच्या, डोळ्याचं आपरेशन झालं तवापासून. काकू-काकू करे. भाकर वाढली तर पहिले इचारे, तुमचा उपास सुटला काय म्हनून — म्हनूनच तर जास्त लागलं मनाले. गुरवारी मले कारंज्याले गुरुमंदिरात नेऊन आने, अन् मंग एकटाच जाय पेट्रोल भराले. गुरवारी पेट्रोल, शुक्रवारी दिवा! मी शिकली नाही जास्त, पन येवढं तर कोनालेबी समजते. काढत असंन पेट्रोल अन् पानी भरत असंन. हे म्हने, उगाच कोनावर आळ घेऊ नको. मंग परवा मीच त्याले देवघरासमोर उभं केलं. ताटात बेल ठेवला, भंडारा ठेवला — उचल म्हटलं बेलभंडार, अन् घे शपत का मी पेट्रोलले हात लावला नाही. नाही उचलला, भाऊ! 'काकू, मायची शपत घेतो, पोटातल्या लेकराची घेतो, पन हे माह्याच्यानं नाही होनार.' आता सांगा, खऱ्या मानसाले बेलाचं पान काय जड जाते?

काय म्हनता? त्यायच्यात घेतच नाहीत? बौद्ध आहे म्हनून — आजानं दीक्षा घेतली तवापासून त्यायच्या घरचं कोनी देवापुढं शपत घेत नाही? मंग त्यानं सांगाचं नं मले! काहून नाही सांगतलं? — म्हने तर होता काहीतरी. 'काकू, आमच्यात' म्हने. मीच बोलू देल्लं नाही पुढं. मी म्हटलं, देवाले जो भेते त्याच्या पोटात काही असतेच. यायनंबी मंग मान खाली घातली. त्यानं चाबी ताटाच्या बाजूले ठेवली अन् चालला गेला. आता पुन्याले चालला म्हने, साडेचारच्या गाडीनं. त्याच्या बायकोले, सपनाले, सातवा महिना लागला अन् हा पुन्याले. पन मी काय करू? दिवा तर लागे नं? दिवा काय मी लावे?

थांबा. ते काय खाली? वर पेट्रोल, अन् खाली येगळंच — पानी! पानीच आहे नं? पाहा, पाहा, लखीरामभाऊ, मले कोनी खोटं म्हनू नका आता! दाखवा इकडं बाटली. किती आहे — अर्धा गिलास तर सहज असंन. असं करे तो. अन् हे काळं काय तरंगून राह्यलं मधात? कचरा? काडीवर घ्या बरं. असं उजेडात —

तुळशीचं पान आहे हे.

असे पाहू नका माह्याकडं. गुरवारचं तीर्थ आहे ते, भाऊ, काही घान नाही. धनजजवळ ट्रक घासून गेला होता नं आपल्या गाडीले, हे आत बसले होते — तवा मी एकवीस गुरवारचा नवस बोलली. घरात सगळ्यायले तीर्थ भेटते, गायीलेबी देल्लं, मंग गाडीनं काय पाप केलं? तो पेट्रोल भरून आला का अंगनात चहा पेत बसे, तवर मी झाकन उघडून — पळीभरच! पहिले पळीभरच होतं. मंग हा दिवा लागाले लागला, मले वाटलं कोनाची नजर आहे, म्हनून फुलपात्रभर. दर गुरवारी. मी तर बरं व्हावं म्हनून —

किती वाजले? चार वीस? तुमच्याजवळ नंबर आहे नं त्याचा? लावा. तुमीच बोला, पानी निघालं म्हना, कसं आलं ते मालूम नाही म्हना — मी काय बोलू त्याले? नाही, मले नका देऊ. नका देऊ म्हटलं नं — हॅलो? प्रसेनजित? मी... हो, काकू. बसला काय गाडीत? उतर, बेटा. नाही, हे बरे आहेत, काही झालं नाही कोनाले. उतर पहिले, मंग सांगते. काहून म्हनजे —

लखीरामभाऊ, तुमी बाहेर जा जरासे. जा म्हटलं नं.