गौरीची जागा

माझ्या वहीत नोंद आहे: डिसेंबरचा पहिला शनिवार, सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन.

मी बंगळूरच्या सरकारी शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात भिंतीला खालून दोन हात काळा पट्टा होता. त्यावर प्रत्येक मुलाची आपली जागा, तोच त्याचा फळा. कुणाशीही न बोलणाऱ्या गौरीने आदल्याच दिवशी तिथे पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं होतं.

त्या आठवड्यात कॉलेजची मुलं समाजसेवेचे तास भरायला शाळेत येत होती. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी डबा खाऊन आले, तर पट्ट्यावर पिवळा रंग आणि फुलपाखरं!

"अरे, हे काय केलंत?"

त्यांच्यातला पुण्याचा मुलगा खुशीत म्हणाला, "मॅम, किती डिप्रेसिंग होतं ते काळं! आता बघा, कसं ब्राइट!"

"फळा होता रे तो."

"फळा? इतक्या खाली?"

"मुलं तेवढीच असतात."

 त्याने हळूच एक कागद पुढे केला. "मॅम, चाळीस तासांच्या सर्टिफिकेटवर सही हवी होती."

हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, करून टाका अक्का." मी केली.

सोमवारी गौरी खडू घेऊन आपल्या जागेपाशी गेली. फुलपाखराकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि खडू माझ्या हातात परत देऊन गेली.