चार बोटं उघडी

नारीन शहरातल्या प्रसूतिगृहात माझी सून आत होती. बाकावर शेजारी दोन विहिणी बसल्या होत्या, सातव्या महिन्यातच कळा लागलेल्या जिपाराची सासू आणि आई. दोघींच्या मांडीवर बाळासाठी तुकडे जोडून केलेली एकेक गोधडी.

“विहीणबाई, मधोमध ही कसली चिंधी लावलीत?” सासूनं विचारलं.

“गावची नव्वदीची आजी गेली, तिच्या मयताला वाटलेलं कापड आहे. बाळाला आयुष्य लाभतं. तुमच्या मखमलीनं काय लाभतं?”

“ऊब. पण तुमचीला अस्तर कुठाय?”

“दोन महिने होते ना अजून. तुमचीला तरी कुठाय?”

“नाहीच झालं लावून.”

“मग द्या इकडे. तुमचीला माझी अस्तर, माझीला तुमची. वर कुठली घालायची, ते नंतर भांडू.”

“तुमचे त्रिकोणी तुकडे सरकलेत.”

“असू देत. तुम्ही मधे भरायची लोकर नीट पसरा.”

दोघी दोन टोकांकडून शिवत आल्या.

“थांबा, शिवण चार बोटं उघडी ठेवा. मूल रडल्याशिवाय गोधडी पुरी करत नाहीत.”

“माहितेय. जिपाराचा आवाज का येत नाही हो आता?”

“दमली असेल.”

“आणि लेकरू…”

“बोलू नका काही.”

बऱ्याच वेळानं दाराआडून मांजराच्या पिलासारखं बारीक रडणं ऐकू आलं. नर्सनं डोकावून जिपाराचं नाव घेतलं.

“शिवा ना, विहीणबाई.”

“तुम्हीच शिवा. मला टाका दिसत नाहीये.”

“मलाही.”

“सुई माझ्याकडे द्या,” मी म्हटलं.