राखणीची जात

— नाही हो पाहुणे, तापट वगैरे अजिबात नाही, उलट फार शहाणा कुत्रा — बसा ना, त्या खुर्चीवरच बसा, दुकान आज बंदच ठेवलंय — तर तुमच्या मेंढरांना याच्यासारखा राखणदार शोधून सापडायचा नाही. सत्तर किलो. माझं वजन बासष्ट, आता बोला. फोटो बघून आणला होता मी, त्यात एक पोर त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेलं — हौस, दुसरं काय. आणला तेव्हा मांडीवर मावायचा, आणि वर्षभरात जिन्यावर तो पुढे आणि पट्ट्याला लोंबकळत मी मागे. पण खोटं कशाला बोलू, मिरवलाही खूप. दाढी करता करता गिऱ्हाइकांना सांगायचो, लांडग्याला भिडणारी जात आहे ही, आमच्याकडे सोफ्यावर घोरते.

मग देताय का — हेच ना? जागा लहान. वर दोन खोल्या, त्यात मी, बायको, आई आणि हे अस्वल. केस तर दुकानात पडत नाहीत इतके वर पडतात. आणि खाणं — नाही, खाण्याचं काही नाही, खाण्याला कोण नाही म्हणतंय. ही? ही पट्टी होय. चावला. म्हणजे — बायकोला तसं सांगितलंय, त्याशिवाय ती द्यायला तयार होईना. वस्तरा लागला हो. तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा हात कापला, चुकून — चुकून कसला, मुद्दामच. हे आपल्यातच ठेवा.

गुरगुरतो, हे मात्र खरं. कुणावर? सगळ्यांवर नाही. बायको जाते-येते, शेजारीण जाते, डॉक्टर आईला सुई टोचून गेले तरी हा शेपूट हलवत बघत होता. तुम्हीही खुशाल जाऊन या. फक्त माझ्यावर. नऊ दिवस झाले, आईच्या खोलीच्या उंबऱ्यात आडवा पडलाय, आणि मी पाऊल टाकलं की उठतो. भुंकत नाही, अंगावर येत नाही, नुसता मध्ये उभा राहतो आणि घशातल्या घशात गुरगुरतो. आईला दोन्ही वेळा शेजारीण भरवते.

कारण? कारण काय असायचं, जनावर आहे — बरं, सांगतो. आईला आता काही आठवत नाही. बायको सकाळी सातला कामावर जाते ती संध्याकाळी सातला येते, खालचं दुकान आणि वरची आई माझ्याकडे, दिवसाला वीसदा जिना. त्या दिवशी खाली गिऱ्हाईक गालाला साबण फासून बसलेलं, वर आई घास थुंकतेय आणि मला विचारतेय, तुम्ही कोण? चौथ्यांदा सांगितलं, तुझा मुलगा. तर म्हणाली, माझा मुलगा असा ओरडत नाही. डोकंच सरकलं माझं. दंड धरला — धरला म्हणजे पिळला, आणि गदागदा हलवलं तिला. एवढीशी ती, चाळीस किलोसुद्धा नाही. बोटं उमटली. बायकोला सांगितलं, पलंगाची कड लागली. आणि पहिल्यांदाच झालं असं नाही हो, याआधी दोनदा झालंय. तेव्हा हा कोपऱ्यातून बघत होता, या खेपेला मध्ये शिरला, मला अंगानं रेटत रेटत दाराबाहेर काढलं आणि जाऊन तिच्या पायाशी बसला. दात लावला नाही. चावला असता तर बरं झालं असतं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लोक डोळे मिटून गळा माझ्या वस्तऱ्याखाली देतात, हलका हात म्हणतात.

असं काय बघताय? चला, वर चला, दोरी आणलीय ना, बायको यायच्या आत नेलेला बरा. तो गेला की सगळं पहिल्यासारखं. शेजारणीचेही उपकार नकोत, उद्यापासून मीच भरवतो आईला, दार लावलं की दिवसभर मी आणि आई, दोघंच —

नका नेऊ.

नाही, राहू द्या. उगाच हेलपाटा पडला तुम्हाला, माफ करा. बायकोला सांगतो मी, पट्टीचंही आणि दंडाचंही. तुम्ही निघा आता. मी वर जात नाही, ती येईपर्यंत इथंच बसतो.