शेलार सरांचा अशक्तपणा

हेडमास्तर, शिक्षक मंडळी, देवळालीतले लहान-थोर, आणि पुढं बसलेल्या शेलार वहिनी,

मला भाषण येत नाही. औषधाच्या दुकानात उभं राहून दोन शब्द बोलणारा मी माणूस. पण आज गप्प बसलो, तर पाप लागेल. सरांच्या गोळ्या वहिनींनी बंद केल्या, अशी गावात कुजबुज आहे. ती खोटी आहे. तेवढ्यासाठीच उभा राहिलोय.

फळ्यावर आपण लिहिलं, 'शेलार सरांचे अल्पशा आजाराने निधन'. अल्पशा? अहो, नऊ वर्षांचं दुखणं ते! सरांनी आपल्या हातानं जीव दिला, हे पोराटोरांनासुद्धा ठाऊक आहे.

दोन-दोन महिने सर अंथरूण सोडायचे नाहीत. मग एकाएकी असे उठायचे, की झोप नाही, जेवण नाही, बोलणं थांबत नाही. नगरचे डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही एकाच आजाराची रूपं आहेत, गोळ्या सोडू नका. आणि आपण काय म्हणायचो? "सरांना अशक्तपणा आलाय." मग कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी माशाच्या तेलाच्या गोळ्या. मी जीवनसत्त्वाचं टॉनिक दिलं.

सर विज्ञान शिकवायचे. मला म्हणाले, "आण्णा, उद्या बरं वाटलं, तर ते याच्यानंच, हे कशावरून? मागच्या खेपेला काहीच न घेता उठलो होतो की मी."

मी म्हणालो, "लई शंका काढता राव तुम्ही! घ्या गुमान."

तिसरी बाटली संपली आणि सर उठले. सायकलवरून दिवसात दोनदा राहुरीला. दुष्काळी कामावरच्या पोरांना रविवारीही शिकवणं. गाव म्हणालं, "आण्णाचं टॉनिक लागू पडलं!" मीही फुगलो. सरांना म्हणालो, "ठणठणीत झालात, आता कशाला त्या नगरच्या गोळ्या?" सरांनी माझं ऐकलं.

मंडळी, तो टॉनिकचा गुण नव्हता. तो आजारच होता. औषधं विकतो मी, आणि मला कळलं नाही.

सर पुन्हा अंथरुणाला लागले. निरोप आला, "आण्णा, बाटली नको. जरा येऊन बसा." बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी. मी बाटलीच धाडली.

आता दुकानाला कुलूप लावतो आणि तिथंच उभा राहतो. बोलायला माणूस उरलं नाही. फार एकटं वाटतं हो.

वहिनी, सरांनी माझं नाव तुम्हाला सांगितलं नसणार. तसा माणूसच नव्हता तो. म्हणून चारचौघांत मीच सांगतो. गोळ्या तुम्ही बंद केल्या नाहीत. मी केल्या.

आता सगळे उठा. सरांसाठी दोन मिनिटं शांत राहू. आणि बाहेर पडल्यावर कुणाला वहिनींना बोल लावायचाच असेल, तर आधी माझ्या दुकानाची पायरी चढा. मी तिथंच असतो.