नदीकाठचं निळं कापड

— नाही हो साहेब, निळं कापड मी कुठनं बघणार? आणि आधी तुम्ही खाली बसा. ती माझी चिटाची लुंगी आहे, तुमच्या कमरेवर ठरायची नाही. भर बाजारात सुटली तर माझ्या दुकानाची अब्रू जाईल. दहा मिनिटांचं काम. पँट फाडून आलात ती आलात, तीही बरोबर बुडावर — नदीकाठच्या बाभळीत शिरायला सांगितलं कुणी? सरकारनं? माशा मोजायला? अगं बाई! माशा मोजायचा पगार देतात, आणि मी तेवीस वर्षं मशीनवर पाय मारतेय ती वेडीच म्हणायची.

किती फडकी गेली म्हणालात? नऊ. ओरा नदीच्या उतारावर तुम्ही टांगलेली, गुरं पाण्याला नेतात तिथली. असतील. वारा असतो, माकडं असतात — माकडांना निळा रंग फार आवडतो. हसता काय? माकडांचं तुम्हाला काय माहीत, तुम्ही माशांच्या खात्यातले! कपाटाकडे काय बघताय? तिथं शाळेचे गणवेश आहेत. निळेच असतात गणवेश, माझा काय दोष?

बरं, मला एक सांगा, ती त्सेत्से माशी निळ्या रंगावर येते ही काय भानगड? येते म्हणजे येतेच? फडक्याला विष लावलेलं, ती बसली की मेली — हे बरं आहे. आणि माणसाला चावली तर? रक्तात जंतू सोडते. केवढा? दिसत नाही. एकाच पेशीचा! म्हणजे हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही, बायको नाही — मग जगतो कशाला मेला? काय करतो म्हणालात? अंगानं ओळखून त्याला मारायला घेतलं की कोट बदलतो? पुन्हा ओळखला की पुन्हा नवा कोट? थांबा, थांबा, दोरा तुटला माझा. लग्नाचा एक कोट शिवायला मला आठ दिवस लागतात, वर गिऱ्हाईक म्हणतं काखेत काचतो. आणि ह्या बिनहाताच्याकडे शेकडो कोट, सगळे मापात? शिंपी कोण हो त्याचा? मी शिकायला जाईन त्याच्याकडे, देवाशपथ.

आणि मग माणसाला झोप लागते, असं? घ्या! मग आमच्याकडे हा रोग जन्मजात आहे. तो बघा, आंब्याखाली पालथा पडलाय तो — माझा जावई. खायला काळ नि भुईला भार. ती म्हातारी मंडळी जमलीत ना, दोन्ही कुळांतली, ती त्याच्यासाठीच. आज मोडतेच हे लग्न, माझी लेक आयिकोरू घरी आणते. मीच बोलावलंय सगळ्यांना, चार वेळा निरोप धाडून. अहो, जेवताना झोपतो! हात चवळीच्या कालवणात, मान खाली, आणि घोरतो. गुरं लोकांच्या कसाव्याच्या शेतात शिरली तरी हा झोपलेला. नाकावरची माशी हाकलत नाही. नाही नाही, आजारबिजार काही नाही — आजारी माणूस रात्री पण झोपेल की नाही? हा रात्री टक्क जागा! गावभर हिंडतो. कुणाकडे जातो ते मला विचारू नका, मला कळतं ते. आणि पूर्वी कसा होता! आयिकोरूला पाठीवर घेऊन नदी ओलांडायचा, लोक हसायचे तरी. परवा तिच्यावर पळी उगारली, आणि मग स्वतःच रडत बसला. सोंग! मी तिला म्हटलं, बाई, सोड ह्याला, तुला दुसरा—

काय झालं? उठलात का? लुंगी सांभाळा! — किती दिवसांपासून? दोन पावसाळे झाले असतील. ताप? यायचा की, यायचा नि जायचा. मलेरियाच्या गोळ्या खाऊन खाऊन जीभ कडू झाली त्याची. मानेमागे काय? गाठी... हो, आयिकोरू म्हणते, शेंगदाण्याएवढ्या हाताला लागतात. मी म्हटलं, आळस साठलाय तिथं. पण तुम्ही तर त्याला जवळून पाहिलंही नाही, तुम्हाला गाठी कशा कळल्या?

...

रात्रीची झोप दिवसावर जाते. हे त्या रोगातच असतं? कुणाकडे जात नाही तो?

जरा मशीन थांबवते. गाव काय म्हणतंय ते मी म्हटलं हो, मी काय एकटी... नाही. मीच आधी म्हटलं.

साहेब, तो शर्ट बघा त्याच्या अंगातला. लांबून पांढुरका दिसतो, पण शिवला तेव्हा निळाशार होता. नऊ तुकडे जोडलेत, शिवण बघाल तर दिसायची नाही. माप घेतलं नाही — आमच्यात सासूनं जावयाला हात लावायचा नाही, समोरासमोर उभंसुद्धा राहायचं नाही — नुसतं दुरून बघून शिवला, आणि बसला की बरोबर! ताप सुरू व्हायच्या आधीच्या नाताळात दिला. सासूनं दिला म्हणून हा रोज तोच घालायचा. रोज धुवायचा, रोज घालून उतारावर जायचा, जिथली फडकी मी सोडून आणलेली. धुतल्यावर विष राहत नाही ना त्यात? आणि रंग? तो हळूहळू जातो. मग माझ्या हातानं मी त्याला माशांपुढे टांगला.

शर्टामुळेच झालं असं नाही म्हणता? तुम्ही भले आहात, पण खोटं जमत नाही तुम्हाला. राहू द्या.

गोळ्या आहेत? खऱ्या? आरुआ शहरातल्या दवाखान्यात, आधी बोटातलं रक्त बघून — आणि नाहीच घेतल्या तर? नको, नका सांगू. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या.

आयिकोरू! ए आयिकोरू, पाणी आण, आणि नवऱ्याला उठवून बसव — हळू गं! काका, तुम्ही बसा, प्या निवांत, आज काही मोडायचं नाही. का म्हणजे? मी खोटी पडले म्हणून! झालं समाधान?

ही घ्या पँट. अर्धीच शिवलीय, मागनं उघडी राहील. तुमच्या फटफटीवर मागे तो बसणार आहे, झाकेल. जावयाचं नाव ओंडोमा लिहा. फडक्यांच्या चोरीपुढे माझं लिहा, वाटेत सांगते, माकडांचं काढून टाका. तो मध्ये बसेल, मी शेवटी, त्याला घट्ट धरून. हो, मीच! आयिकोरू सहा महिन्यांची पोटुशी आहे, तिला कशी बसवू? त्या म्हाताऱ्यांचे डोळे पांढरे होतील, होऊ देत. झोपेत पडला गाडीवरनं तर त्याला कोण धरणार, कूळ?

काय बघताय माझ्याकडे? मारा किक.