चूक शून्य

दवाखान्याच्या रेकॉर्ड खिडकीसमोर, आपली फाइल घेऊन रांगेत उभ्या मास्तरांच्या पुढे एकच बाई होती.

“आईचा जुना केसपेपर द्या. कुठल्या औषधाने तिचा श्वास अडकला होता, ते त्यात आहे. उद्या ऑपरेशन आहे.”

“सगळं स्कॅन केलंय, ताई. मशीन अक्षरन् अक्षर वाचतं. चूक शून्य!” कारकून म्हणाला. “हे बघा.”

“हे तर कोरं आहे.”

“गठ्ठा उलटा लागला वाटतं. पाठची बाजू आली.”

“सगळ्यांचीच?”

“हो. पण चूक एकही नाही.”

“वा! कोऱ्या पानात कसली चूक? मूळ कागद द्या.”

“ते रद्दीत गेले. स्कॅन झाले ना!”

“मग डॉक्टरांना काय सांगू?”

“सांगा, रेकॉर्डप्रमाणे आईंना कसलाच त्रास नाही. पुढचे कोण? काका, आणा ती फाइल स्कॅनला.”

मास्तरांनी फाइल सदऱ्याच्या आत सरकवली.

“कसली फाइल?”