बंगल्यातल्या तलावाचं मीठ

काय सांगू तुम्हाला, माझं माहेर उरणकडचं नि सासरही तिकडचंच, दोन्हीकडे मिठागरं. आमचे हे तर बारके असल्यापासून खाऱ्या पाण्यात उभे. पाणी बोटावर घेऊन जिभेला लावायचे नि सांगायचे, अजून तापू दे, मग मीठ धरेल. कधी चुकले न्हायत. मग मिठागरांवर भराव पडला, काम गेलं, नि आम्ही इकडे श्रीवर्धनच्या बाजूला साहेबांच्या बंगल्यावर राखणीला आलो. मागची एक खोली मिळाली, तेच आमचं घर, दुसरं कुठं काय हाय? मी चौथी शिकलेली, स्वयंपाक नि झाडलोट करते. साहेब आले की चहा ठेवून आत पळते, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे मला घाम फुटतो.

बंगल्यात पोहायचा तलाव हाय. आधी त्यात औषधाची पावडर टाकायचे, तिने साहेबांच्या लेकीचे डोळे लाल व्हायचे, म्हणून पनवेलचा मशीनवाला बोलावला. त्याने पाण्यात मीठ टाकलं नि मशीन बसवलं, ते मशीन त्या मिठापासूनच पाणी साफ ठेवायचं औषध बनवतं. ते ऐकून आमचे हे किती खूष! म्हणाले, बघ, मीठ मला शोधत इथवर आलं.

पावसात तलाव भरून वाहिला, मीठ पातळ झालं. पाऊस सरल्यावर साहेबांचा फोन आला, मशीन मीठ कमी दाखवतंय, घाला. किती ते त्यांनी सांगितलं न्हाय नि ह्यांनी विचारलं न्हाय, मिठाचं ह्यांनी कुणाला विचारायचं? बोट बुडवलं, जिभेला लावलं नि हसले, ह्याला खारं म्हणतात? हे तर प्यायला चालेल. मशीनवाल्याने ठेवलेल्या मिठातलं एक पोतं टाकलं. परत चाखलं, अळणीच. असं करत करत कोपऱ्यातली सगळी पोती रिकामी केली. मी म्हटलं, अहो बस, तर म्हणाले, तू तुझी भाकरी बघ.

मशीन बंद पडलं, लाल दिवा लागला नि पाणी शेवाळासारखं हिरवं झालं. नेमके तेव्हाच साहेब पाहुणे घेऊन आले. मशीनवाला आला, त्याने मीठ मोजायची पट्टी बुडवून बघितली नि कपाळावर हात मारला. काका, इथे समुद्र करायचा होता काय? समुद्राच्या दहाव्या हिश्श्याएवढं मीठ पुरतं याला. आणि जास्तीचं मीठ काढता येत नाही, पाणीच उपसायचं नि गोडं भरायचं. साहेब म्हणाले, मी दुसरा माणूस बघतो, खोली रिकामी करा.

हे खोलीत येऊन पेटीत कपडे भरायला लागले. खोली जाणार त्यापेक्षा मिठात चुकलो हेच त्यांना जास्त लागलं होतं, मला ते बघवेना. मी पदर खोचला नि तशीच व्हरांड्यात गेले. म्हटलं, साहेब, ह्यांनी आळस केला असता तर मीच म्हटलं असतं काढा. ह्यांना पुष्कळ मीठ माहीत हाय, थोडं माहीत न्हाय. शिकवा, शिकतील. साहेबांनी तलावाकडे बघितलं. मग म्हणाले, आधी पाणी काढा, मग बघू.

पाणी सोडणार तर कुंपणापलीकडून शेजारची हसीनाभाभी ओरडली, ए भाऊजी, माझा वाल जाळशील काय? ह्यांनी तिच्या शेताला वळसा घालून खाडीपर्यंत चर खणला, ओहोटी लागली तेव्हाच पाणी सोडलं, तिच्या वालाला थेंबही लागू दिला न्हाय. साहेब वरून बघत होते. दुसऱ्या माणसाचं नाव त्यांनी परत काढलं न्हाय. पेटी खाटेखाली गेली.

आता हे थोडं थोडं मीठ टाकतात, पंप दिवसभर फिरू देतात, दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवतात, तिच्यावरचा आकडा मला वाचायला लावतात, मगच पुढचं. साहेबांचं भलं होवो, त्यांच्या लेकीचे डोळे आता बरे हायत. आणि हे नाक्यावर भेटेल त्याला सांगत सुटतात, माझी बाय साहेबाशी बोलली! मी म्हणते, पुरे हो, लाज वाटते मला. तरी सांगतात. सांगू देत.